दिवसभर घरी एकटी असणारी आपली म्हातारी माणसे

सकाळी आठनंतर फुलेनगर असो, मल्हारखाण असो की देवळालीगाव, वस्तीत कोण उरते? मुलगा सातपूर-अंबडच्या कंपनीत, सून धुण्याभांड्याला, नातवंडे शाळेत. दहा बाय बाराच्या खोलीत आजी एकटी, दार नुसते लोटलेले. पाणी प्यायला उठताना पाय घसरला, तर संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

यात एक गोष्ट आम्हाला फार खुपते. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या बंगल्यांत म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला ज्या ‘मावशी’ जातात, त्यांतल्या कितीतरी आपल्याच वस्त्यांतल्या आहेत. बारा-बारा तासांच्या पाळीत त्या परक्या आजोबांना अंघोळ घालतात, कूस बदलून देतात, गोळ्या वेळेवर देतात. त्यांची स्वतःची सासू मात्र घरी एकटी, कारण त्या पगारावरच चूल पेटते. काम येणारी माणसे वस्तीत आहेत, पण त्यांचा उपयोग वस्तीला होत नाही.

घरी सेवेला माणूस लागणे हे श्रीमंतांचे चोचले, असे काही जण म्हणतात. काही म्हाताऱ्यांना स्वतःलाच आधार मागायला लाज वाटते. त्यांच्यासाठी एक आठवण. मार्च 1948 मध्ये बाबासाहेबांनी आपल्या नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून प्रकृतीची अडचण मोकळेपणाने कळवली होती. मधुमेह होता, पायांचे दुखणे होते, पथ्यपाणी आणि औषध बघणारे माणूस घरात हवे होते. नर्स किंवा घर सांभाळणारी बाई ठेवली तर लोक संशय घेतील, हेही त्यांनी लिहिले. पुढच्याच महिन्यात, 15 एप्रिलला, त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. राज्यघटनेचे काम चालू असलेल्या माणसाने आपली गरज लपवली नाही. मग आपल्या आजीने का लपवावी?

आधी घर बघा. म्हातारी माणसे बहुतेक करून मोरीत, उंबऱ्याशी आणि रात्री शौचालयाला जाताना पडतात. मोरीतले शेवाळ दर आठवड्याला घासा. भिंतीत एक लोखंडी पाइप आडवा बसवून घ्या, गवंड्याचे तासाभराचे काम आहे. माळ्यावर चढायची शिडी असेल तर त्यांचे अंथरूण खालीच ठेवा. रात्री छोटा बल्ब चालू राहू द्या. सार्वजनिक शौचालय लांब असेल तर कमोड खुर्ची घ्या. पायात सैल चप्पल नको. एवढे केले तरी बरेच धोके टळतात.

मात्र काळजीच्या नावाखाली हातातले काम काढून घेऊ नका. भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, दारापर्यंत चार फेऱ्या, जे जमते ते त्यांचे त्यांना करू द्या. नुसते बसवून ठेवले की पायांतली ताकद जाते आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. कोणती मदत हवी, कोणाच्या हातून अंघोळ चालेल, हे आधी त्यांनाच विचारा.

मग माणसांची जुळणी. केरळात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी अंथरुणाला खिळलेल्यांची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम गावोगाव उभे केले. महाराष्ट्रानेही 2012 साली अशा सेवेचे, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचे, धोरण केले आणि सुरुवातीच्या जिल्ह्यांत आपला नाशिक होता. घरात कर्करोगाचा किंवा लकव्याचा रुग्ण असेल तर जिल्हा रुग्णालयात याबद्दल जरूर विचारा. वस्तीतल्या आशाताईंनाही नाव सांगून ठेवा.

एका गल्लीतली चार घरे मिळूनही सोय होते. कोणाची रात्रपाळी असते, कोणी घरीच पापड लाटते. एकीने अकराला डोकावायचे, दुसरीने तीनला. जेवण झाले का, गोळी घेतली का, एवढेच बघायचे. किल्ली एका घरी ठेवायची. गल्लीतलीच एखादी मावशी दोन-तीन घरांनी मिळून ठेवली तर तिला बंगल्याइतकी लांब पायपीट नको आणि एका घरावर भारही नको. पण तिचा पगार, वेळ, सुट्टी आधी ठरवा आणि कागदावर लिहा. ‘आपलीच आहे’ म्हणून फुकट राबवणे आम्हाला मान्य नाही. हे काम सुनेच्या एकटीच्या गळ्यात टाकणेही नाही. मुलानेही बापाची कूस बदलायला शिकावे. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात.

पैशांचे बोलू. 70 वर्षांवरील सर्वांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. मावशीचा पगार त्यातून निघत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील व 2 लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांसाठी काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंकरिता एकदाच 3000 रुपयांची तरतूद आहे. श्रावणबाळ योजनेचे महिना 1500 तहसील कचेरीतून मिळतात, मात्र वार्षिक उत्पन्नाची अट 21 हजारांची, म्हणजे हास्यास्पद. मुले सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्याने प्रांत कचेरीतल्या न्यायाधिकरणात निर्वाहासाठी अर्ज करता येतो. आणि आजींनो, खोली मुलाच्या नावावर करून देताना ‘मला सांभाळील’ ही अट कागदात लिहून घ्या. ती लिहिलेली असेल आणि त्याने पाळली नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो.

पडलेल्या माणसाला ओढून उभे करू नका. पाय वळलेला किंवा आखूड दिसला, पायावर भार घेता येत नसेल, तर चोळू नका, 108 ला फोन करा. मधुमेह्याला दरदरून घाम आला, हात थरथरले, तर शुद्धीवर असेपर्यंतच साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन 14567 आहे. हे दोन नंबर, मुलाचा नंबर आणि किल्ली ठेवलेल्या शेजारणीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून आजीच्या उशाजवळच्या भिंतीवर चिकटवा. तिला वाचता येत नसेल तर फोनमध्ये एकाच बटणावर शेजारणीचा नंबर टाकून द्या आणि दोन-तीनदा लावून घ्या.