कंपवात आणि पाऊल उचलण्याची विद्या



आम्ही डॉक्टर नाही. सातवीनंतर शाळेची पायरी आम्ही चढलो नाही. पुढे जे काही शिकलो ते हमालांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा एका रोगाविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला, असे राणीसावरगावच्या चोखंदळ मंडळींनी विचारले तर ते वावगे नाही. अधिकार नाही; पण डोक्यावर एक कर्ज आहे. ते थोडेफार फेडावे म्हणून हा विषय घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एक जुने हमाल, वयाने आमच्याहून वडील, कामात मागे पडू लागले. पाठीवर पोते असता गोदामाच्या दारात येऊन ते थबकत आणि मागची रांग खोळंबे. चेहरा निर्विकार झाला, आवाज खोल गेला. कोणी म्हणे दारू, कोणी म्हणे आळस. आम्हीही एके दिवशी चारचौघांत बोलून गेलो, "नाना, अंग चोरू नका. तुमचा भार दुसऱ्यावर पडतो." ते एवढेच म्हणाले, "भाऊ, दारात आलं की पाय जमिनीला चिकटतो." पुढे निदान झाले ते कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाचे. ज्याने उभा जन्म पोती वाहिली त्याला आम्ही कामचुकार ठरविले होते.

हा रोग ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जेम्स पार्किन्सन लंडनमधील एका कष्टकरी वस्तीचा वैद्य. सामान्य माणसाला मताचा हक्क मिळावा म्हणून चळवळ करणाऱ्या संघटनेचा तो सभासद होता, आणि त्यापायी 1794 साली त्याला सरकारपुढे जबानी द्यावी लागली. 1817 साली त्याने या रोगावर छोटासा निबंध लिहिला. त्यातील सहा रुग्णांपैकी काही त्याला रस्त्यातच दिसले होते. चालणाऱ्या माणसाकडे नीट पाहणे हीच त्याची पहिली तपासणी. ती आम्हांस साधली नव्हती.

आता रोगाचे मर्म पाहू. मेंदूच्या खोल भागात काळसर पेशींचा एक पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात. चालणे, हात हलविणे, कूस बदलणे या सवयीच्या हालचाली आपण विचार न करता करतो त्या या द्रव्याच्या बळावर. पेशी झिजल्या की हालचाल मंद व आखूड होते, स्नायू ताठरतात, पाऊल घासत पडते, अक्षर बारीक होते. हात कापतो, पण प्रत्येकाचाच कापतो असे नाही, आणि म्हणूनच पुष्कळांचा रोग उशिरा ओळखला जातो.

औषध आहे आणि ते घेतलेच पाहिजे. लेव्होडोपा हे त्यातले मुख्य. आपल्या रानातल्या खाजकुहिलीच्या बियांतही तेच द्रव्य असते. मात्र म्हणून कोणी स्वतःच्या मनाने बिया कुटून खाऊ नयेत, कारण त्यात मात्रेचा हिशेब राहत नाही. औषधाने अंग सैल होते. परंतु तोल जाणे आणि पाय थिजणे यांवर त्याचा तितकासा जोर चालत नाही. तेथे व्यायामोपचाराचे, म्हणजेच फिजिओथेरपीचे काम सुरू होते.

त्यामागचे तत्त्व कोणाही कामगाराला समजेल. सवयीची वाट बुजली, तरी जाणीवपूर्वक हालचाल करण्याची वाट बरीचशी शाबूत असते. मुकादम गैरहजर असला तर गड्यांनी एकमेकांना हाळी देऊन काम चालवावे, तसे हे आहे. डोळ्याला खूण द्यावी, कानाला ठेका द्यावा, की अडलेले पाऊल उचलले जाते. सपाट फरशीवर थिजणारा माणूस जमिनीवर आखलेल्या आडव्या रेघा सहज ओलांडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता कृती. चालताना पाऊल मुद्दाम मोठे टाकावे, टाच आधी टेकवावी, हात झुलवावेत. वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये. बैलगाडी वळवितो तसा मोठा फेर घ्यावा. खुर्चीवरून उठताना आधी कडेला सरकावे, पाय मागे घ्यावेत, पुढे वाकावे आणि मग उठावे. चालताना हातात तांब्या आणि तोंडात गप्पा, असे दुहेरी काम टाळावे. पाय थिजलाच तर रेटू नये; थांबावे, ताठ उभे राहावे, भार या पायावरून त्या पायावर घ्यावा, मोठ्याने "एक, दोन" म्हणावे आणि लांब पाऊल टाकावे. घरच्यांनी पुढून ओढू नये व मागून ढकलू नये. बाजूला उभे राहून आकडे मोजावेत. औषधाचा अंमल असेल त्या वेळी व्यायाम करावा. तोल जात असेल तर जवळ माणूस हवाच, आणि सुरुवात जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करावी.

हे सर्व रोज करावे लागते, आणि रोजचे काम एकट्याने होत नाही. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण व त्यांचे आप्त एकत्र जमतात. तेथील नर्तक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालविले. नृत्य म्हटल्यावर आमच्या भुवया उंचावल्या होत्या. पण ठेका, मोठी हालचाल आणि सोबत या तीन गोष्टी नृत्यात एकत्र येतात, हे ध्यानी आल्यावर शंका फिटली. आणि आपल्याकडे ठेक्याची वाण कोठे आहे? भजनी मंडळाचा टाळ आहे, वारकऱ्यांची पावली आहे. शहरातील दवाखाना लांब असेल. टाळ आणि अंगण दारातच आहे.

खोटी आशा आम्ही दाखविणार नाही. व्यायामाने हा रोग मुळापासून जात नाही. पण माणूस स्वतः उठतो, स्वतः चालतो, पडण्याचा धोका कमी होतो. परावलंबनाचा दिवस पुढे ढकलणे ही लहान कमाई नव्हे. मजुरीत चार आणे वाढावेत म्हणून आम्ही महिनोन्‌महिने भांडलो आहोत. थोड्याची किंमत आम्हांस ठाऊक आहे.

नानांच्या दारासमोर आम्ही चुन्याच्या सहा रेघा मारून दिल्या. पावसात पुसल्या की पुन्हा मारतो. पोते त्यांच्या पाठीवर पुन्हा आले नाही. पण कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत चहाला ते आपल्या पायांनी जातात. पहिल्या दिवशी आम्ही त्यांची क्षमा मागितली तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, ते राहू द्या. आकडे मोजा."

तेवढेच मागणे आपणांपुढे ठेवतो. रस्त्यात कोणी थबकलेला दिसला तर त्याला नाव ठेवण्याआधी क्षणभर थांबा, त्याच्या बाजूला उभे राहा आणि आकडे मोजा.