थर्मोकपलची चिप जोडताना

मारुंजीत प्रोजेक्ट करणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असो की चाकणच्या भट्टीवरचा मेंटेनन्सवाला, भट्टीचे तापमान घ्यायला दोघांच्याही हाती बहुधा के-टाइप थर्मोकपलच येते. चिप पुण्यात तापकीर गल्लीतून आणता येते आणि कोडही तयार मिळतो. आकडा मात्र चुकतो. त्याचे कारण बहुतेक वेळा जोडणीत सापडते.

थर्मोकपल नेमके काय मोजते?

दोन वेगळ्या धातूंच्या तारांच्या सांध्यांत तापमानाचा फरक पडला की विद्युत परिणाम दिसतो, हे झेबेकने १८२१ मध्ये दाखवले. के-टाइपमध्ये क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या तारा असतात. त्या दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतात. पण हे व्होल्टेज गरम टोक आणि गार टोक यांच्यातल्या फरकाचे असते. गार टोक किती तापले आहे ते कळल्याशिवाय भट्टीचे तापमान कळत नाही.

चिपचे काम

मॅक्स ३१८५५ ही चिप तो क्षीण सिग्नल वाचते, स्वतःचे तापमान मोजून त्यात मिळवते आणि पाव अंशाच्या पायरीने आकडा देते. म्हणजे आपले तापमान हेच गार टोकाचे तापमान, असे ती धरून चालते. म्हणून थर्मोकपलचे टर्मिनल चिपला अगदी खेटून हवे. रेग्युलेटर, रिले आणि पंख्याचा झोत दूर ठेवा. टर्मिनल आणि चिप यांच्यात ३ अंशांचा फरक पडला, तर उत्तरही तेवढेच चुकते.

वायर कोणती?

भट्टीपासून पॅनेलपर्यंत साधी तांब्याची वायर ओढली, तर गार टोक भट्टीजवळच्या जोडावर सरकते. तो जोड ६५ अंशांवर आणि चिप ३० अंशांवर असेल, तर आकडा सुमारे ३५ अंशांनी कमी येतो. त्यामुळे के-टाइपचीच एक्स्टेन्शन किंवा कॉम्पेन्सेटिंग केबल वापरा. ती केबल दोन्ही टोकांना उलटी लागली, तर चूक दुप्पट होऊन ७० अंशांवर जाते. भट्टी तापताना आकडा वाढतच राहतो, म्हणून संशयही येत नाही.

रंगांवर विसंबू नका. अमेरिकी पद्धतीत लाल वायर ऋण असते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी धन आणि पांढरी ऋण. थर्मोकपलच्या तारांना चुंबक लावून पाहा. चिकटते ती अ‍ॅल्युमेल, म्हणजेच ऋण.

बोर्डावरची जोडणी

- पुरवठा ३.३ व्होल्टचा द्या. ५ व्होल्टच्या कंट्रोलरला सुटी चिप थेट जोडू नका. मधे लेव्हल शिफ्टर हवा.
- पुरवठा आणि ग्राउंडमध्ये, चिपजवळच, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.
- थर्मोकपलच्या दोन पिनांमध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा.
- ऋण पिन ग्राउंड करू नका. जुन्या मॅक्स ६६७५ मध्ये ती ग्राउंड करतात. ३१८५५ मध्ये तसे केले तर चिप बिघाड दाखवते.
- प्रोबचा सांधा आवरणापासून इन्सुलेट केलेला घ्या.
- तारांना पीळ द्या. मोटर आणि ड्राइव्हच्या केबलसोबत त्या एकाच ट्रेमधून नेऊ नका.

वायर तुटणे, ग्राउंडला लागणे आणि पुरवठ्याला लागणे हे तिन्ही बिघाड चिप वेगवेगळे कळवते. कोडमध्ये ते आधी तपासा, तापमान नंतर वाचा.

सरळ रेषेची चूक

ही चिप थर्मोकपलचा वक्र आलेख सरळ रेषा मानते. ८५० अंशांच्या भट्टीत जोडणी निर्दोष असली, तरी एवढ्यानेच सुमारे ६ अंश जास्त दिसतात. मोठ्या तापमानाला प्रमाणित तक्त्यावरून कोडमध्ये दुरुस्ती करा.

पडताळणी

चुरलेला बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात प्रोब ढवळत धरा. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. प्रोब आणि चिप मिळून दोन-चार अंशांची सूट चालते. त्याहून जास्त फरक दिसला, तर आधी वायर तपासा.

मग उकळते पाणी घ्या. पुणे परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांवर उकळते. तेव्हा मारुंजीत तुमचे थर्मोकपल ९८ दाखवत असेल, तर कोडमध्ये २ अंश मिळवू नका.