बी-१२ विष मोडते, पण कोठवर?

हातापायांना मुंग्या येतात म्हणून डॉक्टर जे लाल इंजेक्शन लिहून देतात, ते बी-१२. आम्हा परिचारिकांच्या हातून त्याच्या किती कुप्या गेल्या याची मोजदाद नाही. या जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्ट हा धातू बसलेला असतो. क्लोरीनयुक्त विषारी रसायने मोडण्याचे कामही तोच करू शकतो.

ड्रायक्लीनिंगमध्ये परक्लोरोइथिलीन वापरतात, तर कारखान्यात सुट्या भागांवरचे ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन. दोन्ही पाण्यापेक्षा जड. जमिनीवर सांडली की खोल उतरतात आणि वर्षानुवर्षे भूजलात मिसळत राहतात. ट्रायक्लोरोइथिलीनमुळे मूत्रपिंडाचा कर्करोग होतो, हे आता सिद्ध झाले आहे.

परक्लोरोइथिलीनला क्लोरीनचे चार अणू असतात. प्रयोगशाळेत, हवा बंद ठेवून, टायटॅनियमच्या क्षाराकडून बी-१२ला इलेक्ट्रॉन पुरवले की कोबाल्ट एकेक क्लोरीन उपटून काढतो. चाराचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक. बी-१२ स्वतः संपत नाही, पुन्हा कामाला लागते. शेवटी उरते इथिलीन, केळी पिकताना निघतो तोच वायू.

पण एक क्लोरीन उरतो तो टप्पा घातक. ते व्हिनाइल क्लोराइड, यकृताच्या कर्करोगाचे कारण. नुसते बी-१२ इथे फार मंदावते. सफाई इथेच थांबली तर आधीचेच बरे होते म्हणायची पाळी!

पुढचे काम 'डीहॅलोकोकॉइडिस' नावाचे जिवाणू करतात. त्यांनाही बी-१२ लागते, पण स्वतः बनवता येत नाही. शेजारच्या जिवाणूंकडून घेतात. अमेरिकेत इथाका शहराच्या सांडपाणी केंद्रातल्या गाळातून ते मिळाले, १९९७ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्या गाळाकडे लोक नाक दाबून पाहतात, त्यातच हे औषध होते! आज तिकडे दूषित जमिनीत हे जिवाणू मुद्दाम सोडतात.

म्हणून कारखान्यात काम करणाऱ्या भावाबहिणींनी बी-१२च्या गोळ्या घेऊन विष निघेल असे मानू नये. शरीरातले बी-१२ रक्त आणि नसांच्या ठरलेल्या कामात गुंतलेले असते. रुमाल बांधूनही ही वाफ अडत नाही. खेळती हवा आणि वाफ शोषणारा पंखा मालकाकडे मागावा लागतो. आणि भूजल स्वच्छ केल्याचा अहवाल कोणी दाखवला, तर त्यात व्हिनाइल क्लोराइडचा आकडा आहे का, हे आधी बघा.