लालबुड्या, चष्मेवाला, नाचण : उपनगरांतले पक्षी ओळखण्याची सव्वाशे वर्षे

मुंबईत घराच्या आवारात आणि आसपासच्या रानात दिसणारे पक्षी सामान्य माणसाला ओळखता यावेत, म्हणून लिहिलेले पहिले ठळक पुस्तक १९०० सालचे. ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ हे त्याचे नाव आणि ई. एच. एटकिन हे लेखक. एटकिन यांचा जन्म १८५१ सालचा, साताऱ्याचा; नोकरी जकात आणि मीठ खात्यातली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी ज्या आठ जणांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांपैकी ते एक. ‘एहा’ या आद्याक्षरांच्या सहीने ते लिहीत. त्या काळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही साष्टी बेटावरची भातखाचरांची आणि ताडामाडांची गावे होती. आजच्या अर्थाने उपनगर म्हणावे असे तिथे फारसे काही नव्हते.

पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो मारायचा, ही तेव्हाची शास्त्रीय रीत होती. मारलेल्या पक्ष्याचे कातडे सोलायचे, आत कापूस भरायचा, पंख, चोच आणि पाय यांची लांबी मोजायची आणि पायाला चिठ्ठी बांधून त्याला कप्प्यात ठेवायचे. संग्रहालयाचा असा कप्पा उघडला की पक्षी ओळीने उताणे पडलेले दिसतात. पंख मिटलेले, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस. पिसांचा रंग वर्षानुवर्षे टिकतो. पण शेपटी उभारण्याची लकब, फांदीवर बसण्याची ढब, उडतानाचा हेलकावा यांतले काहीही त्या कप्प्यात नसते. जातींमधले बारीक भेद याच संग्रहांमुळे पक्के झाले, हे मान्य करायलाच हवे. मात्र बागेत उभ्या असलेल्या माणसाला त्या मोजमापांचा उपयोग नव्हता. एटकिन यांनी जिवंत, हालत्या पक्ष्यावर लिहिले, हे त्यांच्या पुस्तकाचे मोल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका लहान मुलाने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. दिसायला घरातल्या चिमणीच्या मादीसारखी, पण गळ्यावर पिवळा ठिपका. मुलगा होता सालिम अली (जन्म १२ नोव्हेंबर १८९६). त्याचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी त्याला सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि मग कप्प्यामागून कप्पे उघडून संग्रह दाखवला. भारतातल्या पक्षीअभ्यासाला वळण देणारी ती भेट एका ठिपक्यामुळे घडली. बोरिवलीच्या रानात ही चिमणी आजही दिसते. डोके एकरंगी करडे, खांद्यावर तांबूस डाग, पंखावर पांढऱ्या रेघा आणि गळ्यावर तो पिवळा ठिपका. ठिपका अगदी समोरून पाहिल्याशिवाय नीट दिसत नाही, म्हणून पुष्कळजण तिला ‘चिमणीच आहे’ म्हणून सोडून देतात.

सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात ‘द बर्ड्स ऑफ बॉम्बे अँड सालसेट’ ही लेखमाला लिहिली. कोणती जात साष्टीत (इंग्रजीत ‘सालसेट’) कुठे आणि कोणत्या ऋतूत दिसते, याची नोंद त्यात आहे. आज एखादा पक्षी उपनगरांत वाढला की घटला, हे ठरवायचे तर तुलनेसाठी याच लेखमालेपर्यंत मागे जावे लागते. १९४१ साली ती पुस्तकरूपाने निघाली आणि त्याच वर्षी सालिम अलींचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ही आले. रंगीत चित्रे हे त्याचे मोठे आकर्षण होते. पण त्याहून उपयोगी गोष्ट साधी होती. प्रत्येक पक्ष्याचा आकार इंचांबरोबर ओळखीच्या पक्ष्याशी ताडून सांगितलेला: चिमणीएवढा, बुलबुलाहून थोडा मोठा, साळुंकीएवढा. ही मोजपट्टी प्रत्येकाच्या डोळ्यांत आधीपासूनच असते, म्हणून ती चुकत नाही.

गाणारा पक्षी म्हणजे कोण, हेही इथे सांगायला हवे. शास्त्राच्या भाषेत हा एक गट आहे. श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे पक्ष्यांचे स्वरयंत्र असते, आणि त्याला हलवणारे स्नायू या गटात विशेष विकसित झालेले आहेत. या हिशेबाने कावळा गाणाऱ्या पक्ष्यांत मोडतो आणि कोकीळ मोडत नाही. ‘टुक टुक’ करणारा तांबटही या गटाबाहेरचा. बागेत पाहणाऱ्याने या विभागणीचा बाऊ करू नये. पण पुस्तकात कोकीळ बुलबुलांच्या आसपास का सापडत नाही, याचे उत्तर इथे आहे.

उपनगरी गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात पहिली गाठ पडते ती बुलबुलाशी, आणि नवख्याची पहिली चूकही इथेच होते. लालबुड्या बुलबुलाच्या शेपटीखाली लाल डाग असतो, म्हणून ते नाव. पण शिपाई बुलबुलाच्या शेपटीखालीही लाल डाग असतोच. खूण वेगळीकडे आहे. शिपायाचा तुरा टोकदार आणि ताठ, गाल पांढरा आणि डोळ्यामागे लाल ठिपका. लालबुड्याचे डोके काळे, तुरा बुटका, अंगावर खवल्यांसारखी नक्षी, आणि तो उडाला की शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा चमकतो. शिपायाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपका नसतो. त्यामुळे पावसाळ्याच्या सुरुवातीला ‘हा तिसराच बुलबुल कोणता?’ असा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतो.

दयाळ ओळखायला सर्वांत सोपा आणि गाण्यात बहुधा सर्वांत वरचढ. नर काळा-पांढरा, नर जिथे काळा तिथे मादी राखाडी. पंखावरचा लांब पांढरा पट्टा आणि वारंवार उभी होणारी शेपटी दोघांनाही असते. मार्च उजाडला की पहाटे पाण्याच्या टाकीवर किंवा उंच तारेवर बसून नर गाऊ लागतो. सालिम अलींच्या लहानपणीच्या सुट्या चेंबूरला जात, तेव्हा ते मुंबईच्या वेशीबाहेरचे रान होते. तिथला पहाटेचा दयाळ त्यांना उतारवयातही आठवत असे. दयाळाची गल्लत होते ती चीरकाशी. चीरकाच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो आणि तो झाडीपेक्षा उघडा, खडकाळ माळ पसंत करतो. त्यामुळे आरेच्या गवताळ उतारावर चीरक आणि सोसायटीच्या बागेत दयाळ, असे जागेवरूनच बरेचसे कळते.

शिंपी आणि राखी वटवट्या दोघेही इवलेसे, दोघांचीही शेपटी उभी, दोघेही झुडपात दडून कल्ला करणारे. शिंप्याची पाठ हिरवट आणि टाळू गंजाच्या रंगाची. वटवट्याची पाठ राखाडी. शिंपी ओरडताना गळा फुगवतो, तेव्हा गळ्याच्या बाजूला एक काळा डाग उघडा पडतो आणि चोच मिटताच नाहीसा होतो. हा डाग एकदा पाहिला की शिंपी पुन्हा चुकत नाही.

जास्वंदीवर लोंबणाऱ्या शिंजीरांना मात्र वेळ द्यावा लागतो. जांभळा शिंजीर विणीच्या दिवसांत काळा भासतो. ऊन योग्य कोनातून पडले की निळा-जांभळा झळाळतो. हंगाम सरला की हाच नर मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. पंचरंगी शिंजीराचा नर वर्षभर रंगीत राहतो: छातीवर लालसर करडी पट्टी, खाली पिवळे पोट. दोन्ही माद्या फिक्या. पण पंचरंगीच्या मादीचा गळा पांढरट आणि छाती पिवळी, तर जांभळ्याच्या मादीत गळ्यापासूनच पिवळेपणा असतो. फुलटोचा या दोघांपेक्षाही लहान. जेमतेम आठ सेंटिमीटरचा, मळकट करडा, चोच आखूड. त्याचा ठाव लागतो तो आंब्यावरच्या बांडगुळामुळे. तो बांडगुळाची फळे खातो आणि चिकट बिया फांदीला पुसून टाकतो. तिथून नवे बांडगूळ उगवते.

मराठी नावांची थोरवी इथे दिसते. पुस्तके येण्याच्या कितीतरी आधी लोकांनी ओळखीची खूण नावातच घालून ठेवली होती. नाचण शेपटीचा पंखा पसरून फांदीवर गिरक्या घेतो. धोबी शेपटी सतत वरखाली आपटतो. चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरे कडे असते. फुलटोचा, शिंपी, सातभाई ही नावे तर रंगाचा उल्लेखही करत नाहीत. पक्षी काय करतो आणि कसा राहतो तेवढेच सांगतात. मारुती चितमपल्ली यांनी २००२ सालच्या ‘पक्षिकोशा’त ठिकठिकाणची अशी नावे गोळा केली. हे काम मराठीत झाले नसते, तर यांतली कित्येक नावे इंग्रजी नावांच्या भाषांतराखाली गाडली गेली असती. ‘लाल-गालाचा बुलबुल’ म्हणण्यात चूक काही नाही, पण ‘शिपाई’ म्हटल्यावर तुऱ्याचा ताठा जसा डोळ्यांसमोर येतो, तसा त्यातून येत नाही.

बागेतून रानात शिरले की रंगाचा आधार आणखी कमी होतो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे उपनगरवासीयांचे ‘नॅशनल पार्क’, सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड आणि मध्ये तुळशी व विहार ही तळी. शिळोंड्याच्या वाटेवर हिवाळ्याच्या सकाळी दहा मिनिटे काहीच हलत नाही, आणि मग अचानक आठ-दहा जातींचा मिश्र थवा डोक्यावरून सरकतो. शेंड्यावर निखार, मधल्या फांद्यांत नाचण, खालच्या सावलीत निळ्या पाठीचा आणि नारिंगी छातीचा टिकेलचा माशीमार. शेंड्यावरच्या पक्ष्यांचे रंग आभाळाच्या उजेडात काळेच दिसतात. अशा वेळी कामाला येते ती उंची, बसण्याची तऱ्हा आणि शेपटीचा आकार.

कोतवालांचे उदाहरण घ्यावे. तारेवर बसणारा काळा कोतवाल सर्वांना ठाऊक आहे. रानात हिवाळ्यात येणारा राखी कोतवाल करडा आणि लाल डोळ्यांचा. भृंगराजाच्या शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांच्या चकत्या असतात. त्या तुटल्या तरी कपाळावरच्या झुपक्याने तो ओळखू येतो. तो इतर पक्ष्यांच्या आवाजांच्या हुबेहूब नकला करतो, म्हणून त्याच्या बाबतीत कानापेक्षा डोळ्यावर विसंबणे बरे. स्वर्गीय नर्तकाच्या नराची लांब शेपूट प्रसिद्ध आहे. पण हिवाळ्यात बागांतून फिरणारे बरेचसे पक्षी आखूड शेपटीचे आणि तांबूस पाठीचे असतात. काळे डोके आणि छोटा तुरा पाहूनच त्यांना ओळखावे लागते.

पावसाळ्यात कान्हेरीच्या ओढ्यांजवळ शीळकरी कस्तूर माणसाने शीळ घालावी तसा गातो. दुरून तो नुसता काळा दिसतो. कपाळावर आणि खांद्यावर चमकणारा निळा तुकडा जवळून दिसतो. त्याच दिवसांत पालापाचोळा उलथणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर भेटतो. त्याच्या पांढऱ्या गालावर दोन काळसर उभ्या रेघा असतात. इतकी ठळक खूण रानातल्या फार थोड्या पक्ष्यांना आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीची जागा दुर्बिणीने पुरती घेतली. १९९३ साली सोसायटीने गोरेगावला चित्रनगरीजवळ निसर्ग शिक्षण केंद्र सुरू केले आणि शाळकरी मुलांना राष्ट्रीय उद्यानाच्या कडेनेच पक्षी दाखवता येऊ लागले. २००३ साली संजय मोंगा यांचे ‘बर्ड्स ऑफ मुंबई’ आले. २००५ पासून मुंबईत ‘बर्ड रेस’ होऊ लागली, एका दिवसात कोण किती जाती पाहतो याची. पुढच्या दशकात डिजिटल कॅमेरा स्वस्त झाला आणि नोंदी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर जाऊ लागल्या.

कॅमेऱ्याने मोठा उपकार केला. वटवट्यांसारख्या एकसारख्या दिसणाऱ्या जातींचा वाद छायाचित्रावर मिटू लागला, आणि एकट्याने पाहिलेल्या पक्ष्यालाही पुरावा मिळाला. त्याबरोबर एक नुकसानही झाले. छायाचित्रात पक्षी पुन्हा थांबलेला असतो, जवळजवळ त्या जुन्या कप्प्यातल्यासारखा. फांदीवर शेपटी आपटणारा, मान तिरकी करणारा पक्षी प्रत्यक्ष समोर असताना पाहणारा पडद्यावर त्याची पिसे तपासत बसतो. सावलीत टिपलेला शिंजीर काळा येतो, उन्हात टिपलेला वटवट्या पिवळा. मग रंगावरून नाव शोधले की चुकते.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्मदिवसाचा, शेवटचा सालिम अलींच्या. तोवर धोबी, राखी कोतवाल आणि स्वर्गीय नर्तक उपनगरांत पोहोचलेले असतात. त्या आठवड्यात जवळच्या बागेत जाणाऱ्याने पहिला अर्धा तास कॅमेरा आणि फोन पिशवीतच ठेवावा. दिसलेला पक्षी चिमणीहून लहान की साळुंकीएवढा, चोच कशी, शेपटी उभी की लोंबती, तो जमिनीवर की शेंड्यावर, एवढे वहीत लिहावे, आणि रंग सर्वांत शेवटी.