‘काहीतरी चांगलं द्या’ : रहस्यकथा, खेळांचे चित्रपट आणि ग्रंथालयातला सल्ला

ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीवर सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कुठलं, तर ‘काहीतरी चांगलं द्या’. लेखकाचं नाव नाही, पुस्तकाचं नाव नाही. पाठीमागे दोन-चार माणसं रांगेत उभी असतात. खिडकीतल्या माणसाकडे फार तर दोन मिनिटं असतात. त्या दोन मिनिटांत काय करता येतं, हा आजचा विषय आहे.

त्यासाठी आम्ही मुद्दाम दोनच प्रकार निवडले आहेत : रहस्यकादंबऱ्या आणि खेळांवरचे चित्रपट. या दोन्हींना मागणी भरपूर, पण सल्ला सर्वांत कमी. कारण आपल्याकडे एक समजूत आहे, की हे करमणुकीचं वाङ्मय, त्यात काय सल्ला द्यायचा? कुठलंही एक उचलून द्या. ही समजूत ग्रंथालयाला महागात पडते. चुकीचं पुस्तक घरी गेलेला वाचक तक्रार करत नाही. तो पुढच्या महिन्यात वर्गणी भरायला येत नाही, एवढंच होतं.

शियाळी रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातले तीन आपल्या कामाचे आहेत : प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, आणि वाचकाचा वेळ वाचावा. लक्षात घ्या, ‘त्याचं पुस्तक’ म्हटलं आहे. आपल्याला आवडणारं, किंवा त्यानं वाचायला हवं असं आपल्याला वाटणारं पुस्तक म्हटलेलं नाही.

आता वाचकाला विचारायचं काय? ‘तुम्हाला कुठला प्रकार आवडतो?’ हा प्रश्न सरळ वाटतो, पण त्याचा उपयोग थोडाच. तो म्हणेल, ‘रहस्यकथा.’ मग? रहस्यकथांच्या कपाटात निदान चार जातींची पुस्तकं एकमेकांना खेटून उभी असतात. म्हणून आम्ही वेगळं विचारतो : ‘शेवटचं कुठलं पुस्तक खूप आवडलं? आणि त्यातलं काय लक्षात राहिलं?’ उत्तराच्या पहिल्या वाक्यात सगळं सापडतं. अमेरिकेतल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी याची एक सोपी मांडणी केली आहे. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात : कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक वाचकाचं नेहमीचं दार ठरलेलं असतं. आपण फक्त ते ओळखायचं.

रहस्यकथांना हे लावून बघू. वाचक म्हणाला, ‘खुनी कोण ते शेवटपर्यंत कळलंच नाही हो!’ हा कोड्याचा वाचक. याला अगाथा ख्रिस्ती द्यावी. ‘अँड देन देअर वेअर नन’ ही 1939 सालची कादंबरी. एका बेटावर दहा माणसं आणि एकेक करून होणारे मृत्यू, यापलीकडे तिच्याविषयी काही सांगायची गरज नाही.

दुसरा म्हणतो, ‘तो होम्स काय माणूस आहे!’ याला कोड्यापेक्षा माणसं हवी आहेत. भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स याचा वाचून झाला असेल, तर सत्यजित राय यांचा फेलूदा द्यावा. अशोक जैन यांचे मराठी अनुवाद आहेत. फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारे जटायू या तिघांच्या संगतीसाठी माणसं ती पुस्तकं पुन्हा वाचतात, रहस्य माहीत असूनही. शिवाय राय यांनी या कथा किशोरवाचकांसाठी लिहिल्या, त्यामुळे घरात आजोबा आणि नात दोघांनाही चालतात. एकाच कार्डावर घरातले तिघं वाचत असतील तर ही मोठी सोय आहे.

तिसऱ्याला परिसर हवा असतो. त्याच्यासाठी शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा व्योमकेश बक्षी. स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून न घेता ‘सत्यान्वेषी’ म्हणवणारा हा माणूस आपल्याला जुन्या कलकत्त्यातल्या मेसमध्ये आणि गल्लीबोळांत घेऊन जातो.

आणि चौथा? त्याला वेग हवा. गाडी सुटायच्या आधी हातात घ्यावं आणि उतरताना संपावं असं पुस्तक. याच्यासाठी मराठीत मोठी परंपरा आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. धनंजय-छोटू, झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रं. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. या पुस्तकांनी मराठीत किती माणसांना वाचायची सवय लावली, हे जुन्या ग्रंथालयांतल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारा. अर्नाळकर मागणाऱ्या वाचकाकडे बघून भुवई उंचावली, की समजा तो वाचक गेला. त्याला ‘सुधारण्याचं’ काम आपल्याकडे कोणी दिलेलं नाही.

इथे एक पथ्य सांगायला हवं. रहस्यकथेची शिफारस करताना शेवट सांगायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ‘यातला शेवट भन्नाट आहे, तुम्हाला कल्पनाच येणार नाही’ असं म्हटलं तरी अर्धं रहस्य फुटतं. वाचक पहिल्या पानापासून त्या धक्क्याची वाट बघत बसतो. ख्रिस्तीची 1926 सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ कशासाठी गाजली हे न सांगता ती देता आली पाहिजे. मग बोलायचं कशाबद्दल? सुरुवातीबद्दल, वेगाबद्दल, माणसांबद्दल. आणि एक गोष्ट मात्र आधीच सांगायची : पुस्तकात फार हिंसा असेल, लहान मुलाचा मृत्यू असेल, तर तसं हळूच सुचवायचं. घरात नुकतं काही घडून गेलेला माणूस समोर उभा असू शकतो.

आता खेळांच्या चित्रपटांकडे येऊ. तिथे प्रकार नेमका उलटा. शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर कोण जिंकलं, हे माहीत असलेलीच माणसं ‘83’ बघायला बसतात. म्हणजे ‘कोण जिंकणार?’ हा त्यांचा प्रश्न नसतोच. जिंकण्यासाठी काय मोजावं लागलं, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून ‘क्रिकेटचा हवा की कुस्तीचा?’ असं विचारून फारसं हाती लागत नाही. ‘इक्बाल’ हा 2005 सालचा चित्रपट क्रिकेटचा ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही द्यावा. ऐकू-बोलू न शकणारा शेतकऱ्याघरचा मुलगा वेगवान गोलंदाज व्हायचं म्हणतो, एवढं कळलं की पुरे.

इथेही वेगवेगळी दारं आहेत. विखुरलेल्या माणसांचा संघ कसा होतो हे बघायचं असेल तर ‘चक दे! इंडिया’ (2007). बाप आणि मुली यांच्यातली ओढाताण बघायची असेल तर ‘दंगल’ (2016). संसारात अडकलेली कबड्डीपटू पुन्हा मैदानात उतरायचं म्हणते तो ‘पंगा’ (2020). नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (2022) नागपुरातल्या विजय बारसे यांच्या कामावरून सुचलेला. झोपडपट्टीतली पोरं फुटबॉल खेळतात, पण चित्रपटाचा खरा विषय मैदानाभोवतीची भिंत आहे. ‘चंदू चॅम्पियन’ (2024) आपल्या मुरलीकांत पेटकरांवरचा. 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. हा चित्रपट पाहून ‘हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं कसं नाही?’ असं विचारणारा मुलगा हा आपला पुढचा वाचक असतो.

आणि ‘पान सिंग तोमर’? स्टीपलचेसमधला राष्ट्रीय विजेता, सैन्यातला जवान, पुढे चंबळच्या खोऱ्यात बागी झालेला. चित्रपट उत्तम आहे. पण परीक्षेच्या आधी मुलाचं मन उभारी धरावं म्हणून कुणी खेळाचा चित्रपट विचारत असेल, तर हा त्याच्यासाठी नाही. चित्रपट चांगला असणं आणि या माणसाला आज चांगला असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सल्ला देणाऱ्याचं सगळं काम या फरकात आहे.

सत्यकथेवरच्या चित्रपटांबाबत आणखी एक. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटचा अंतिम सामना ‘दंगल’मध्ये दाखवला इतका अटीतटीचा झाला नव्हता. चित्रपटाला तेवढी मोकळीक असते. पण ग्रंथालयाचं काम तिथून सुरू होतं. चित्रपटाबरोबर पुस्तक सुचवायचं. ‘भाग मिल्खा भाग’ आवडलेल्याला मिल्खासिंग यांचं आत्मचरित्र, ‘मेरी कोम’ पाहिलेलीला तिचं आत्मचरित्र, क्रिकेटवेड्याला गावसकरांचं 1976 सालचं ‘सनी डेज’ किंवा द्वारकानाथ संझगिरींचं लेखन. पुस्तकाच्या वाटेला न जाणारी कितीतरी मुलं या पुलावरून येतात. कपाटाजवळ ‘हा चित्रपट आवडला? मग हे पुस्तक’ अशी एका पानाची यादी लावायला खर्च काहीच नाही. मात्र ग्रंथालयात सगळ्यांना बसवून चित्रपट दाखवायचा असेल, तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते. घरी बघण्यासाठी सुचवायला काहीच अडचण नाही.

हा पूल दोन प्रकारांमध्येही बांधता येतो. रहस्यकथेत एक करार असतो : धागेदोरे वाचकासमोर ठेवायचे, लपवाछपवी करायची नाही. रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 साली तर त्याचे दहा नियमच लिहिले. खेळही नियमांवर चालतो. म्हणून कोड्याच्या वाचकाला ‘मनीबॉल’ (2011) सुचवून बघा. बेसबॉल कळत नसला तरी आकड्यांतून संघ कसा बांधला, हे त्याला कोडं सुटल्यासारखंच वाटेल.

शेवटी, खिडकीत पाळायच्या तीन-चार साध्या गोष्टी. पाच पुस्तकं समोर टाकू नका, दोनच द्या : एक हमखास आवडेल असं, दुसरं थोडं पलीकडचं. ‘नाही आवडलं तर परत आणा, आणि का नाही आवडलं ते सांगा’ हे वाक्य जरूर म्हणा. नॅन्सी पर्ल यांचा 50 पानांचा नियमही सांगा : 50 पानं वाचून बघा, नाही रमलात तर खुशाल मिटा. अर्धवट सोडायची मुभा मिळाली की माणूस नवं पुस्तक न्यायला धजावतो. आणि कोण काय वाचतं हे रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलू नका.

या कामाला वेगळा निधी लागत नाही, संगणकही लागत नाही. लागते ती एक वही. कुणाला काय दिलं, तो काय म्हणाला, याची एका ओळीची नोंद. सहा महिन्यांनी ती वही उघडली की आपल्या वाचकांची दारं आपल्याला कळलेली असतात. नवा कर्मचारी आला, तरी त्याला ती वही देता येते.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ. आणि प्रश्न विचारण्याआधी प्रत्येकानं शेवटचं आवडलेलं एक पुस्तक सांगावं, म्हणजे सरावही होईल.