फिन कुठे बसवायची? आखूड-रुंद सर्फबोर्ड आणि मध्याचा हिशेब

आजचा विषय वाचून दोघातिघांनी आम्हाला आधीच विचारलं, "सर, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात सर्फबोर्ड कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. लाटेवर उभं राहण्याचा आमचा काही अधिकार नाही. पण गेल्या वर्षी लेकीकडे सॅन डिएगोला चार महिने मुक्काम होता, तेव्हा नातवाच्या गॅरेजमध्ये आमच्या हातून एक चूक झाली. तीस वर्षं वर्गात जे शिकवलं, नेमकं त्याच्या उलट आम्ही वागलो. ती चूक आज तुमच्यासमोर मांडायची आहे. त्यासाठी आधी फिन म्हणजे काय ते समजून घ्यावं लागेल. तेव्हा थोडा धीर धरा.

सर्फबोर्ड म्हणजे फोमचा गाभा, त्यावर फायबरग्लासचं कापड आणि राळ. पुढचं टोक ते नाक, मागचं ते शेपूट, आणि दोन्ही बाजूंच्या कडा. तळाला, शेपटीजवळ, माशाच्या परासारखी उभी पाती असते, ती फिन. आज आपल्याला फिनशिवाय बोर्ड सुचतच नाही. पण हवाईतल्या लोकांनी शतकानुशतकं बिनफिनच्या लाकडी फळ्यांवर लाटा घेतल्या. वळायचं तर पाय पाण्यात घालून ओढायचा. शेपूट घसरलं की माणूस पाण्यात. १९३५ मध्ये टॉम ब्लेक यांनी वायकिकीला एका मोटारबोटीची जुनी कील आपल्या बोर्डाच्या तळाला लावली. घसरणारं शेपूट जागेवर राहू लागलं.

आता पाण्याखाली होतं काय ते बघा. बोर्ड लाटेच्या उतारावर आडवा धावत असतो. लाटेचं पाणी वर चढत असतं, म्हणजे ते बोर्डाच्या तळाखालून तिरपं जातं. हे तिरपं पाणी फिनवर आदळतं आणि फिन त्याला बाजूनं विरोध करते. विमानाचा पंख आडवा असतो म्हणून विमानाला वर उचलतो. फिन उभी असते म्हणून बोर्डाला बाजूला घसरू देत नाही. तत्त्व एकच. सर्फर मागच्या पायानं दाब देतो तेव्हा बोर्ड या फिनच्या आसपास वळतो. म्हणजे फिन एकाच वेळी धरून ठेवते आणि वळण्यासाठी आधारही देते. सगळी भानगड इथूनच सुरू होते. फिन मागे सरकवली तर बोर्ड सरळ आणि स्थिर धावतो, पण वळायला जड होतो. पुढे सरकवली तर चटकन वळतो, पण शेपूट सुटण्याची भीती वाढते. दोन्ही गोष्टी पुरेपूर हव्यात म्हटलं तर मिळत नाहीत.

आखूड आणि रुंद बोर्डाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. शेपूट रुंद असलं की कमी वेगातही बोर्ड पाण्यावर उचलला जातो, लहान मऊ लाटेतही पळतो. कॅलिफोर्नियाच्या कॅलटेकमध्ये शिकलेले बॉब सिमन्स यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हा विचार सर्फबोर्डात आणला. त्यांनी वेगवान बोटींच्या तळाचं शास्त्र वाचलं होतं. १९५४ मध्ये ला होयाच्या विंडनसी किनाऱ्यावर सर्फिंग करतानाच ते बुडून गेले. त्यांचे बोर्ड लांब होते, पण शेपूट रुंद, आणि काहींना कडेजवळ दोन फिन्स. दोन का? रुंद शेपटीच्या मधोमध एकच फिन असेल तर बोर्ड कडेवर कलताच ती पाण्याबाहेर यायला बघते. दोन्ही कडांजवळ एकेक फिन असेल तर बोर्ड ज्या बाजूला कलेल त्या बाजूची फिन पाण्यात खोल जाते. पुढे १९६७ च्या सुमारास सॅन डिएगोच्याच स्टीव्ह लिस या तरुणानं गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी फार आखूड, माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला बोर्ड केला. त्यालाही दोन फिन्स. लांब बुडाच्या, बुटक्या. त्यांना कील फिन म्हणतात. या शतकात सॅन डिएगोच्या काही मंडळींनी सिमन्स यांची कल्पना आखूड करून पाहिली, आणि 'मिनी सिमन्स' नावाची साडेपाच-सहा फुटी, ढोबळ, रुंद जात तयार झाली. दिसायला अगदी पोळपाट! आमच्या नातवानं हाच बोर्ड करायला घेतला होता. साडेपाच फूट लांब, २२ इंच रुंद.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियात वेगळीच गोष्ट चालू होती. मार्क रिचर्ड्स दोन फिनच्या बोर्डावर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षं जगज्जेते ठरले. पण दोन फिनचा बोर्ड मोठ्या लाटेत सगळ्यांच्या हाती राहत नसे. सायमन अँडरसन हे धिप्पाड गृहस्थ. त्यांनी १९८० मध्ये मागे मधोमध तिसरी फिन लावली, आणि १९८१ मध्ये बेल्स बीचची स्पर्धा प्रचंड लाटांमध्ये जिंकली. या रचनेचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. आज जगातले बहुतेक आखूड बोर्ड तीन फिनचे आहेत.

आता आकडे. घाबरू नका, दोनच आहेत. तीन फिनच्या साधारण सहा फुटी बोर्डावर पुढच्या दोन फिन्सची मागची कड शेपटीच्या टोकापासून सुमारे ११ इंचांवर येते. मधली मागची फिन सुमारे साडेतीन इंचांवर. मिनी सिमन्सवर कील फिनची मागची कड बहुधा ३ ते ५ इंचांवर ठेवतात. नातवाकडे हे दोन्ही आकडे होते. फिन्स राळेनं कायमच्या चिकटवायच्या होत्या, म्हणजे एकदा बसल्या की बसल्या. तो दोन दिवस पेन्सिल कानाला लावून हिंडत होता. शेवटी आमच्याकडे आला. "आजोबा, ४ इंचांवर लावली तर वळायला जड जाईल म्हणतात, आणि ११ वाले बोर्ड भराभर वळतात. काय करू?"

आम्ही काय सांगितलं असेल? "अरे, मध्य काढ. साडेसात." निवृत्त प्राध्यापकाचा शब्द. त्यानं ऐकला.

पंधरा दिवसांनी आम्ही टूर्मलिनच्या किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसलो. लहान लाटेत बोर्ड बरा चालला. जरा उभी लाट आली की शेपूट सटकायचं, आणि पोरगं बाजूला. सातआठ वेळा असंच झालं. तो बाहेर आला तेव्हा काही बोलला नाही. आम्हीही नाही. तीन महिने शिकवणीचे पैसे साठवून त्यानं तो फोम आणि राळ आणली होती, आणि सल्ला आमचा होता.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. मग चूक दिसली, आणि ती नुसत्या बेरीज-वजाबाकीची होती. बघा. ४ आणि ११ हे आकडे फिनच्या मागच्या कडेचे. पण कील फिनचं बूड साडेआठ इंच लांब, आणि तीन फिनवाल्यातल्या प्रत्येक फिनचं बूड साडेचार इंच. बोर्डाला आधार मिळतो तो सगळ्या फिन्सच्या एकत्रित मध्याशी, मागच्या कडेशी नाही. आता तो मध्य काढू. कील फिन ४ इंचांवर असेल तर तिचा मध्य ८.२५ इंचांवर. तीन फिनमध्ये पुढच्या दोघींचा मध्य १३.२५ वर, मागचीचा ५.७५ वर. तिघींची सरासरी येते १०.७५. म्हणजे ज्यांच्यात आम्हाला ७ इंचांचं अंतर दिसलं, त्यांच्यात खरं अंतर जेमतेम अडीच इंचांचं. आणि आम्ही सांगितलेली कील फिन? साडेसातवर लावली की तिचा मध्य जातो ११.७५ वर. फिन्सची टोकं मागे झुकलेली असतात, त्यामुळे हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण क्रम बदलत नाही. तीन फिनवाल्यापेक्षाही एक इंच पुढे! दोन टोकांच्या मध्ये जाण्याच्या नादात आम्ही दोन्ही टोकं ओलांडून पलीकडे गेलो होतो. शिवाय मागे राखण करायला तिसरी फिनही नव्हती.

आता लाज वाटण्याचा भाग. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'निकोमाकियन एथिक्स'च्या दुसऱ्या भागात मध्यमार्गाची चर्चा आहे. तिथे तो बजावतो की वस्तूचा गणिती मध्य वेगळा आणि आपल्या संदर्भातला मध्य वेगळा. दाखला देतो जेवणाचा. १० माप अन्न जास्त होतं आणि २ माप कमी पडतं, म्हणून तालीम देणारा वस्ताद सगळ्यांना ६ माप देत नाही. मिलो नावाच्या मल्लाला ते कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. हा दाखला आम्ही किती वर्षं फळ्यावर लिहिला! परीक्षेत पोरांना विचारला. आणि गॅरेजमध्ये एका फळीपुढे उभे राहिलो तेव्हा खुशाल ६ माप वाढून मोकळे झालो. वाक्य पाठ असणं आणि ते वेळेवर आठवणं यात एवढं अंतर असतं.

मग हा निर्णय घ्यायचा कसा? नातवानं पुढे जे केलं त्यातून आम्ही शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, आकडा ऐकला की विचारायचं, कुठपासून? कोणी फिनच्या मागच्या कडेपर्यंत मोजतो, कोणी पुढच्या. माशाच्या शेपटीसारख्या बोर्डात कोणी शेपटीच्या टोकांपासून मोजतो, कोणी मधल्या खाचेपासून, आणि ती खाच चांगली चार-पाच इंच खोल असू शकते. नुसता आकडा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

दुसरी गोष्ट, ती फिन कोणत्या कुटुंबातली आहे ते बघायचं. जागा, बूड, झुकाव, कोन हे सगळं एकत्र जन्माला आलेलं असतं. तीन फिनमध्ये पुढच्या फिन्स नाकाच्या दिशेनं आत वळवलेल्या असतात. पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा साधारण पाव इंच मधल्या रेघेजवळ. त्यानं बोर्ड वळायला सोपा होतो, पण सरळ जाताना पाणी अडतं. त्या फिन्स थोड्या बाहेरच्या बाजूला कललेल्याही असतात. कील फिन्स मात्र जवळजवळ समांतर आणि उभ्या ठेवतात, कारण त्यांचं काम वेगानं सरळ पळणं हे आहे. एका घरची जागा आणि दुसऱ्या घरचा कोन घेतला तर संसार कसा होणार?

तिसरी गोष्ट मोजण्याची. हातानं घासलेल्या बोर्डाच्या दोन कडा कधीच तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून आधी मधली रेघ आखायची, शेपटीपासून दोन्ही बाजूंना सारखं अंतर घ्यायचं, गुण्यानं आडवी रेघ तपासायची. मग नाकाच्या टोकापासून दोन्ही फिन्सच्या पुढच्या टोकापर्यंत टेप ताणायची. दोन्ही अंतरं सारखी आली तरच राळ कालवायची. कडेपासूनचं अंतर सव्वा ते दीड इंच. मांडणी कितीही विचारपूर्वक केली आणि एक फिन पाव इंच मागे बसली, तर बोर्ड एका बाजूला वेगळा वळतो आणि दुसऱ्या बाजूला वेगळा.

आणि चौथी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. चूक होणारच असेल तर कोणत्या बाजूची चूक दुरुस्त करता येते, ते आधी बघायचं. फिन पुढे लावली आणि शेपूट सटकायला लागलं, तर ती कापून काढण्याशिवाय गत्यंतर नाही. पण थोडी मागे आणि थोडी मोठी लावली, बोर्ड जड वाटला, तर तिची मागची कड घासून कमी करता येते. घासल्यावर क्षेत्रफळ घटतं आणि फिनचा मध्यही पुढे सरकतो. दोन्हींमुळे बोर्ड मोकळा होतो. म्हणजे दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या नाहीत. एक घासून सुधारते, दुसरी तोडूनच. निर्णय घेताना मध्य शोधण्याआधी हा कल ओळखावा. हे आयुष्यात इतर ठिकाणीही उपयोगी पडतं. लेकराला दिलेला कठोर शब्द आणि न दिलेला शब्द यांचंही असंच आहे. राहिलेला शब्द उद्या बोलता येतो.

नातवानं त्या फिन्स ग्राइंडरनं कापल्या. भोकं बुजवली, पुन्हा कापड चढवलं आणि कील फिन साडेचार इंचांवर बसवली. दोन रविवार चालवून पाहिली, जराशी जड वाटली, तेव्हा मागची कड थोडी घासली. आता बोर्ड छान चालतो. तळाला जुन्या जागेचे दोन फिकट डाग मात्र राहिले आहेत. ते रंगवून टाक म्हटलं तर नको म्हणाला.

परवा फोन आला होता. दुसरा बोर्ड करायला घेतलाय. आम्ही विचारलं, "फिन कितीवर लावतोयस?" तर म्हणाला, "आजोबा, या वेळी आकडा सांगू नका. तुम्ही इकडे या आणि टेपचं एक टोक धरा."

डिसेंबरमध्ये जाणार आहोत. टेप धरायला.