टेम्परेचरचा काटा अचानक खाली आला? खूश होऊ नका, आधी गाडी बाजूला घ्या

मावळ : खोपोली सोडून बोरघाट चढायला लागलं की गाडीची खरी परीक्षा सुरू होते. या चढाला रेल्वेगाड्यांनाही कर्जतहून मागे जादा इंजिनं जोडावी लागतात. घरच्या गाडीत तर पाच माणसं, डिकीत सामान, वर एसी चालू. त्यात पुढे ट्रकची रांग लागली, की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगते. वेग नसला की रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. मग इंजिन थंड ठेवायचं ओझं एकट्या पंख्यावर येतं. शनिवार-रविवारी लोणावळ्यात भुशी डॅमच्या रस्त्यावर अडकलात, किंवा चैत्रात एकवीरेच्या यात्रेच्या गर्दीत कार्ल्याला अडकलात, तरी तीच गत.

हा पंखा कधी सुरू करायचा, हे ठरतं बोटाच्या पेराएवढ्या एका सेन्सरवरून. कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. बहुतेक गाड्यांत तो इंजिनवर थर्मोस्टॅटच्या आसपास बसवलेला असतो आणि त्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं. कूलंट तापेल तसा सेन्सरचा विजेला होणारा विरोध कमी होतो. साधारण २५ अंशांना दोन-तीन हजार ओहम, तर ९० अंशांना दोन-तीनशे ओहम. एवढ्यावरून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, पंखा फिरवतो, इंधन किती सोडायचं ते ठरवतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलवतो. मारुतीच्या अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो. इंजिन थंड असताना निळा दिवा, जास्त तापलं की लाल.

काटा कधी फसवतो?

सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो, इंजिनचं नाही. होजपाइप फुटला आणि कूलंट वाहून गेलं, तर सेन्सरचं टोक उघडं पडतं, नुसत्या वाफेत किंवा हवेत लटकतं. मग इंजिन आतून भाजत असलं तरी काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं, घाट संपत आला, गाडी थंड झाली. तो तशीच दामटतो आणि खंडाळ्यात पोचेपर्यंत हेड गॅस्केट उडालेली असते. सेन्सर बहुतेक छोट्या गाड्यांत काही शे रुपयांत येतो. हेडचं काम निघालं तर बिल हजारांत जातं.

म्हणून वर चढलेला काटा चढणीवरच एकदम पडला, हीटर लावल्यावर गरम हवेऐवजी गार हवा आली, किंवा गोडसर वास सुटला, तर लगेच थांबायचं. काटा नुसता वर चढतोय आणि वाफ नाही, तर एसी बंद करून हीटर फुल करा. इंजिनची थोडी उष्णता त्यातून बाहेर पडते. सुरक्षित जागा दिसली की गाडी डाव्या बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा, इंजिन बंद करा. एक्सप्रेसवेवर असाल तर माणसांना गाडीत बसवून ठेवू नका, कठड्याच्या पलीकडे न्या. मदतीला ११२ नंबर आहे. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं हाही धोका, धातूला तडा जातो.

‘पंखा डायरेक्ट करून टाक’

सेन्सर बिघडला की रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात. पंख्याची वायर डायरेक्ट जोडा, नाहीतर थर्मोस्टॅटच काढून टाका. घाटातून घरापर्यंत यायला पहिला उपाय चालेल, पण कायमचा नको. पंखा सतत फिरून मोटर लवकर जाते, फ्यूज किंवा रिले नसेल तर वायर जळते. थर्मोस्टॅट काढणं तर साफ चूक आहे. इंजिन वेळेत गरमच होत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

सेन्सर गेलाय की दुसरंच काही, हे आता मोबाइलवर कळतं. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावायचा आणि ॲप उघडायचं. सकाळी गाडी सुरू करण्याआधी फक्त चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा सॉकेट सुटलं आहे. पी०११७ आणि पी०११८ हे कोड सेन्सरच्या सर्किटचे. पी०१२८ आला तर आधी थर्मोस्टॅट बघा. कुणीतरी पूर्वी काढून टाकला असेल तरी हाच कोड येतो!

कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलायला जाऊ नका, आधी वायर तपासा. मावळात भाताचा पेंढा आणि पोती जिथे, तिथेच बऱ्याचदा गाडी लावलेली असते. उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात. शिवाय लोणावळ्याकडचा पाऊस. महिनाभराच्या ओलीने सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर चढतो. तो कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केला की कित्येकदा सेन्सर न बदलताच काम होतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालायची सवयही सोडा. त्यातले क्षार सेन्सरच्या टोकावर बसतात आणि त्याला खरी उष्णता उशिरा कळते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला, किंवा तयार मिसळलेलं कूलंट आणा.

बदलायचाच असेल तर

काम सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सॉकेटची खिटी दाबून ते सोडवा, वायर ओढू नका. जुना सेन्सर निघाला की कूलंट गळतं, म्हणून नवा हातात तयार ठेवा आणि खाली टब ठेवा. वॉशर किंवा रबराची रिंग नवीनच लावा. घर ॲल्युमिनियमचं असतं, ताकद लावून आवळलं तर आटे जातात. एकाच वायरचा सेन्सर असेल तर आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. मग कूलंट भरा, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालवा, आत अडकलेली हवा निघू द्या. पंखा एकदा आपोआप सुरू होऊन बंद झाला की इंजिन बंद करा. गार झाल्यावर पातळी परत बघा.

टबात जमलेलं कूलंट गटारात किंवा गोठ्याजवळ ओतू नका. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री, वासरं चाटतात. बाटलीत भरा, वर नाव लिहा, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजवाल्याकडे जमा करा.